तोआ पायोहच्या तळमजल्यावर

सिंगापूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, "शॉपिंग काय केलंस?" आणि मग विचारतात, "रात्रीचं प्राणिसंग्रहालय पाहिलंस का?" शॉपिंगमध्ये एक छत्री घेतली, ती विमानातच विसरले. प्राणी पाहिले नाहीत. जे करून आले ते तोंडाने सांगायला गेले तर ऐकणारे हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते आणि गोष्ट गमतीची होऊन बसते. दोनदा तसं झालं. ती गमतीची नव्हती, म्हणून आता लिहून काढते आहे.

मी वास्तुविशारद आहे. सांगलीत घरं, दवाखाने, मंगल कार्यालयं बांधत आयुष्य गेलं. २०१४ साली आमच्या जुन्या बाजारपेठेचं रूप पालटायचं घाटत होतं आणि सल्लागारांमध्ये माझं नाव आलं. झालं, माझ्या डोक्यात हवा गेली. शहरांच्या मरगळलेल्या जुन्या भागांत पुन्हा जीव कसा आणायचा, या विषयावर सिंगापूरला एक आठवड्याची कार्यशाळा होती. शिकवणारे बरेचसे अमेरिकेतले. मी पदरचे पैसे घालून गेले, कारण पुण्याचा कुठलासा सल्लागार येऊन आम्हाला अक्कल शिकवण्याआधी मला त्याला शिकवायची होती.

दुसरं कारण अनघा. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी तोआ पायोह नावाच्या भागात राहते. ती तिथल्या एका बँकेच्या आयटी विभागात, नवरा निखिल पार दुसऱ्या टोकाला तुआसला कारखान्यात. तो पहाटे बाहेर पडतो तो दिवेलागणीनंतर परततो. मुलगी रेवा सात वर्षांची. शाळा सुटली की रेवा समोरच्या दारी जाते. तिथे मिसेस ओंग म्हणून एक सत्तरीच्या चिनी बाई आणि त्यांचे यजमान राहतात. सगळा मजला त्यांना आँटी आणि अंकल म्हणतो. रेवाला भात भरवणं, झोपवणं, गृहपाठाला बसवणं, सगळं आँटी करतात. अनघाची आई सांगलीत, सासू ठाण्यात. म्हणजे खऱ्या अर्थाने तिला आँटीच आहेत.

पोचल्याच्या संध्याकाळी हॉटेलच्या फोनवरून तिच्याशी बोलले. तिचा आवाज थकलेला वाटला.

"मावशी, तू शुक्रवारीच ये गं घरी. इथे सगळा गोंधळ आहे. अंकल हॉस्पिटलात आहेत, आँटी तिकडेच असतात. मी आणि निखिल आलटून पालटून रजा टाकतोय."

"फार आहे का?"

"वय झालंय. आणि तो त्यांचा मुलगा, केल्विन, ईस्ट कोस्टला कॉन्डोत, त्या महागड्या खासगी सोसायटीत राहतो, तो म्हणतोय आता आईला मी तिकडे नेणार. दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं हे काय वय आहे, असं त्याचं जुनंच म्हणणं आहे. आँटी गेल्या तर मला नोकरी सोडावी लागेल. मला दुसरं काही दिसतच नाही."

"होईल गं काहीतरी," मी म्हणाले. मन लावून ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. माझ्या मांडीवर कार्यशाळेचं वेळापत्रक होतं आणि मी त्यात जेवणाची सुट्टी कधी ते बघत होते.

मंगळवार, ऑफिसांच्या गर्दीत

आमचा मुख्य शिक्षक वॉल्टर. ओहायोकडचा, उंच, पांढऱ्या मिशांचा, बोलताना सतत हात हलवणारा. त्याने पडद्यावर आपल्या गावाची चित्रं दाखवली. एके काळी गजबजलेला मधला रस्ता, मग लोक मोटारी घेऊन उपनगरांत गेले, मोठी दुकानं त्यांच्यामागे गेली, आणि पाडलेल्या इमारतींच्या जागी नुसते पार्किंगचे चौथरे उरले. संध्याकाळी पाच वाजले की तिथे कुत्रंही दिसत नसे. मग त्याने आणि त्याच्या मंडळींनी काय काय केलं ते सांगितलं. बंद दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहायला माणसं आणली, रस्त्याची रुंदी कमी करून झाडं लावली, एका पार्किंगात टेबलं मांडून दर शुक्रवारी दुपारी खाण्याच्या गाड्या लावल्या. पहिल्या शुक्रवारी पाऊस पडला आणि फक्त त्याची बायको आली, असं तो म्हणाला. मला तो आवडला.

त्याची कसोटी साधी होती. रस्ता जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? तिथे काही कारण नसताना थांबलेली माणसं दिसतात का बघा. खरेदी करणारा, बस पकडणारा माणूस मोजायचा नाही. जो नुसताच थांबलाय तो मोजायचा.

संध्याकाळी त्याने आम्हाला उंच ऑफिसांच्या भागातून फिरवलं. लोंढेच्या लोंढे एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, तोंडाशी शिरत होते, आणि तो चेहरा पाडून म्हणत होता, "बघा, कोणी थांबत नाहीये." मला भूक लागली होती. हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, मी पाटीवरचा 'कॅरट केक' मोठ्या आशेने मागवला. आला तो मुळा घातलेल्या तांदळाच्या पिठाचे तुकडे अंड्यात परतलेला प्रकार. गाजर नाही, केक नाही, आणि माझा चातुर्मास. शेजारी बसलेल्या हुई मिनने, म्हणजे तिथल्याच नगररचनेचं काम करणाऱ्या आमच्या गटातल्या मुलीने, तो न बोलता संपवला आणि मला पपईची फोड आणून दिली.

जाताना वॉल्टरने गृहपाठ दिला. प्रत्येकाने शहरातली एक जिवंत जागा शोधायची, फोटो काढायचे आणि शुक्रवारी सगळ्यांना दाखवायचे. मी मनात लगेच ठरवलं, सगळे त्या चकचकीत नदीकाठाला जातील, आपण खऱ्या माणसांच्यात जायचं. अनघाच्या बिल्डिंगचा नंबर माझ्याकडे होताच.

बुधवार, तोआ पायोह

हा सरकारी घरांचा जुना भाग. मधोमध दुकानांचा चौक, भोवती एकाला एक लागून उभे उंच ब्लॉक. बाल्कन्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे आडवे बाहेर आलेले. ब्लॉकच्या तळमजल्यावर घरं नसतात. नुसते खांब, पत्रपेट्या, दगडी टेबलांवर कोरलेले बुद्धिबळाचे पट आणि वारा. आमच्याकडे त्याच जागेत मोटारी लावतो. मी स्वतः असे कितीतरी तळमजले मोटारींसाठी काढून दिलेत, त्यामुळे ती मोकळी जागा बघून मला एकदम कौतुक आणि थोडा हेवा वाटला.

अनघाच्या ब्लॉकखाली मी बाजूच्या पायवाटेने शिरले आणि जागीच थांबले. खांबांमध्ये पांढरे-निळे पडदे लावून मांडव केलेला. गोल टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलांवर शेंगदाणे, कलिंगडाच्या बिया, सरबताची छोटी खोकी. एका बाजूला उंच तिवयांवर फुलांच्या मोठ्या आराशी, त्यांवर चिनी अक्षरांच्या फिती. उदबत्तीचा वास. माणसं बसलेली, कोणी पत्ते पिसतंय, कोणी बिया सोलतंय. पांढरे टीशर्ट आणि काळ्या विजारी घातलेले काही जण चहापाणी बघत होते. त्यांच्या बाहीवर कापडाचा छोटा चौकोनी तुकडा लावलेला. मी ठरवून टाकलं, हे स्वयंसेवक. वस्तीचा काहीतरी उत्सव असणार.

आता जे मी करत गेले ते एकेक लिहिताना हात थांबतो आहे.

मी कॅमेरा काढला. आधी लांबून, मग जवळ जाऊन. पांढऱ्या टीशर्टमधला एक चाळिशीचा माणूस पुढे आला आणि मी कुठून आले ते विचारू लागला. मी दोन्ही हातांनी, तिथल्या रीतीप्रमाणे, त्याला माझं कार्ड दिलं. त्यावर 'नागरी नूतनीकरण सल्लागार' असं इंग्रजीत छापलेलं आहे. त्याने ते वाचलं, एकदम सावरून उभा राहिला आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. ती तळमजला वापरायची परवानगी होती. त्याला मी परवानगी देणाऱ्या कचेरीतून तपासणीला आलेली बाई वाटले होते. मी कागदावर नजर फिरवल्यासारखं केलं आणि "व्हेरी गुड, व्हेरी वेल ऑर्गनाइझ्ड" असं म्हणाले. तो मागे सरला. त्यानंतर मला कोणी अडवलं नाही.

वाटेत एका टेबलावर ताटली होती, तिच्यात कागदातल्या गोळ्या आणि लाल दोऱ्याचे तुकडे. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण ठेवतात तसं मला वाटलं. मी गोळी तोंडात टाकली, दोरा उचलला आणि जवळ उभ्या असलेल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीपुढे मनगट धरलं.

"बांधतेस का?" मी इंग्रजीत म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "हातावर?"

"हो. घट्ट बांध, सुटायला नको."

तिने बांधला. तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, अभ्यासाने जागली असेल.

मग मी त्या फुलांशी गेले. तिथे खुर्चीवर एक बारीकशा म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्याही पांढऱ्या टीशर्टमध्ये. मोठ्यांना नमस्कार करायची सवय, म्हणून मी वाकून त्यांचा हात हातात घेतला. फुलांकडे बोट दाखवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ब्यूटिफुल. काँग्रॅच्युलेशन्स."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली. "थँक यू, हा," त्या म्हणाल्या. "सिट. ईट समथिंग."

मी बसले. शेंगदाणे खाल्ले. शेजारच्या टेबलावर चौकड्याचा शर्ट घातलेला एक म्हातारा हातातले पत्ते छातीशी धरून कसलीशी जुनी गोष्ट सांगत होता, आणि सांगता सांगता मान मागे टाकून असा हसला की सगळं टेबल हसलं. तो फोटो मला फार साधला. खुर्च्यांच्या पलीकडे एक पडदा होता, त्याच्या आड काय आहे हे बघावंसं मला वाटलं नाही. तिथे माणसं बसत नव्हती, त्यामुळे माझ्या कामाचं काही नव्हतं.

शुक्रवार, टाळ्या

गुरुवारी हॉटेलच्या संगणकावर बसून मी स्लाइडा केल्या. त्या हसऱ्या म्हाताऱ्याच्या फोटोच्या खालच्या भागावर पांढरी पट्टी टाकून ठळक इंग्रजीत ओळ लिहिली: 'काही कारण नसताना थांबलेली माणसं'. वॉल्टरला त्याचंच वाक्य परत द्यायचं, म्हणजे तो खूश होणार, एवढा हिशेब मला कळतो.

तो खूश झालाच. माझं बोलणं संपल्यावर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. अमेरिकेत आम्ही लाखो ओतून जे करतोय ते इथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतंय, असं म्हणाला, आणि माझ्या स्लाइडा घरी नेऊन आपल्या नगरसभेत दाखवू का म्हणून विचारलं. मी मान डोलावली. गुडगावचा एक जण, कोलंबोच्या दोघी, सगळे टाळ्या वाजवत होते. तिथले स्थानिक लोक मात्र टेबलाकडे बघत होते. मला वाटलं, आपलं रोजचंच म्हणून त्यांना त्याचं अप्रूप नसेल.

चहाच्या वेळी हुई मिन मला कोपऱ्यात घेऊन गेली. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"मॅम, तो दोरा लोक घरी पोचायच्या आधी टाकून देतात. अपशकुन बरोबर येऊ नये म्हणून ठेवलेला असतो. ते अंत्यदर्शन होतं, मॅम. पडद्यामागे शवपेटी असते. पांढरे कपडे घातलेले असतात ते घरचे."

मी म्हणाले, "पत्ते खेळत होते."

"गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही म्हणून. दिवसरात्र कोणी ना कोणी बसतं. नुसतं कसं बसणार? म्हणून पत्ते."

मी बाथरूममध्ये गेले. दोरा सुटेना. मीच घट्ट बांधायला लावला होता. शेवटी दातांनी तोडला. त्या मुलीचे लाल डोळे आठवले, त्या म्हाताऱ्या बाईंचा हात आठवला, आणि त्यांचं "सिट, ईट समथिंग" आठवलं. ज्यांच्या घरातलं माणूस पाच पावलांवर निजलेलं होतं त्यांचं मी अभिनंदन केलं होतं आणि वर त्यांच्याकडे खाल्लं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण सहज म्हणतो. त्या फरशीवर उभी राहून मी खरंच खाली पाहिलं.

कॅमेऱ्यातले सगळे फोटो मी तिथेच पुसले. पेनड्राइव्हवरच्या स्लाइडा जाऊन हॉटेलच्या संगणकावरून पुसल्या. पुसून झाल्यावर जरा मोकळं वाटलं, हेही लिहायला हवं.

त्याच संध्याकाळी

अनघाच्या ब्लॉकपाशी टॅक्सी थांबली तेव्हा पांढरे-निळे पडदे अजून होते. मी तोंड फिरवून लिफ्टकडे पळाले. दार उघडलं ते अनघाने, साध्या पांढऱ्या कुर्त्यात.

"मावशी, बॅग ठेव आणि लगेच चल. अंकल गेले गं, मंगळवारी रात्री. तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून कळवलं नाही. आम्ही रोज खाली जाऊन बसतोय."

खालचे पडदे कोणासाठी होते ते मला आता कळलं. पाणी पिऊन मी तिला सगळं सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून फ्रिजवर लावलेल्या रेवाच्या चित्रांकडे बघून सांगितलं.

"ती तू होतीस?" अनघा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "केल्विन काल सगळ्यांना विचारत होता, ती कॅमेरावाली इंडियन बाई कोणाची म्हणून. मी छातीठोकपणे सांगितलं, आमची कोणी नाही."

"मी येत नाही खाली. तू जा."

"तू येणार आहेस," ती म्हणाली. "मी त्यांना काय तोंड दाखवू? त्याला आईला न्यायला निमित्त हवंच होतं, मावशी. ते तू दिलंस."

आमच्याकडे अशा घरी जाताना रिकाम्या हाताने जातात, बोलत नाहीत, निघताना 'येते' म्हणत नाहीत. चूलही पेटत नाही, शेजारणी पिठलं-भाकरी पोचवतात. ते सगळं मला येतं. आमच्याच अपार्टमेंटमध्ये मागच्या वर्षी कुलकर्णी गेले तेव्हा लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना आणि खाली त्यांना टेकवायला जागा करायची म्हणून मोटारवाल्यांना फोन करून गाड्या हलवायला लावल्या होत्या. ती बिल्डिंग माझी. मला तेव्हाही शरम वाटली नव्हती, अडचण वाटली होती.

यावेळी आम्ही समोरून गेलो. पेटीसमोर अंकलचा फोटो होता, ओळखपत्रावर असतो तसा ताठ, ओठ मिटलेला. अनघाने हात जोडले, मीही जोडले. आँटी त्याच खुर्चीवर होत्या. केल्विन त्यांच्यामागे उभा होता, बुधवारी मला परवानगीचा कागद दाखवणारा तोच. त्याच्या हातात माझं कार्ड नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांत होतं.

"आँटी, ही माझी मावशी," अनघा म्हणाली.

मी माफी मागितली. इंग्रजीत जेवढी येते तेवढी. मला वाटलं समारंभ आहे, मला कळलं नाही, मी फार चुकले.

केल्विन माझ्याऐवजी अनघाशी बोलला. "ममा दमलीये. पुढच्या आठवड्यापासून तिने आराम करावा असं मला वाटतं. रेवासाठी काहीतरी दुसरं बघा." शब्द सभ्य होते. अनघाने खाली मान घातली.

आँटींनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या माझ्याकडे वळल्या.

"यू टेक पिक्चर, राइट? दॅट मॅन, चेक शर्ट. लाफिंग."

मी हो म्हणाले.

तो अंकलचा थोरला भाऊ होता. मलेशियात इपोहला राहतो. घराच्या वाटणीवरून दोघे भाऊ बरीच वर्षं बोलत नव्हते. बुधवारी आला, त्या टेबलाशी बसून दोघांच्या लहानपणीचं काहीतरी सांगितलं, आणि गुरुवारच्या बसने परत गेला. आँटी हे सांगताना पेटीसमोरच्या फोटोकडे हात करत होत्या. यांचा प्रत्येक फोटो असाच, त्या म्हणाल्या, पासपोर्टसारखा. कॅमेरा दिसला की तोंड मिटायचे. हसायचे मात्र थेट भावासारखे, मान मागे टाकून. तो फोटो मला देशील का?

मी पुसल्याचं सांगितलं.

"व्हाय?"

"मला लाज वाटली."

त्यांना कळलं नसावं असं वाटून आमच्याबरोबर खाली आलेली रेवा मदतीला आली. "आजी पायसे, आँटी. सो शी डिलीट, लाह." पायसे म्हणजे तिकडे ओशाळणं, शरमणं.

आँटी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. नीट समजून घेत असल्यासारख्या बघत होत्या.

"यू पायसे," त्या म्हणाल्या, "सो यू थ्रो माय पिक्चर."

दुपारी मला जे मोकळं वाटलं होतं त्याची किंमत कोणी दिली ते मला तेव्हा कळलं.

शनिवार, वॉल्टरची न्याहारी

झोपेत कधीतरी आठवलं. स्लाइडा वॉल्टरकडे आहेत, दाखवताना त्याच्याच लॅपटॉपवर घातल्या होत्या.

फाइल काही न सांगता इमेलने मागवता आली असती, पण मग तो ती स्लाइड ओहायोत दाखवणार. सकाळी त्याच्या हॉटेलवर गेले. तो टोस्ट आणि नारळाचा जाम खात बसला होता. मला बघून उठला आणि खुर्ची पुढे केली. काल त्याने माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्या परत घ्यायला मी त्याला भाग पाडत होते. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"मी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला.

"फोटो माझे होते."

टोस्ट बाजूला ठेवून तो म्हणाला की त्यांच्या गावातलं अंत्यविधीचं घर पूर्वी मधल्या रस्त्यावरच होतं. आता ते महामार्गापाशी गेलंय, तिथे पार्किंग भरपूर आहे. गावाचा मध्यभाग पुन्हा उभा करताना कॉफीची दुकानं, संगीत, बाकडी, सगळ्याचा विचार आम्ही केला, पण माणूस गेला तर लोकांनी कुठे बसायचं याची चर्चा एकाही बैठकीत झाल्याचं मला आठवत नाही, असं तो म्हणाला. मीही माझे बाजारपेठेचे नकाशे मनात उलगडून पाहिले. आइस्क्रीमची टपरी होती, सेल्फी काढायला कमान होती.

त्याने लॅपटॉप उघडून फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घातली आणि माझ्यादेखत त्याच्याकडची पुसली.

तोआ पायोहच्या चौकात फोटो छापणाऱ्या दुकानात गेले. स्लाइडमध्ये अक्षरं फोटोवरच चिकटून आलेली होती. दुकानदाराने करून पाहिलं आणि मान हलवली. पट्टी काढायची तर तिच्याखाली असलेले सगळ्यांचे हात आणि टेबल जाणार, तिथे मागे काही उरलेलंच नाही, असं तो म्हणाला. कापून छापायला मी सांगू शकले असते. पण अर्धवट फोटो न विचारता द्यायचा माझा धीर होईना. एकदा न विचारता करून झालं होतं. होता तसा छापून घेतला.

सोमवार, समोरचं दार

रविवारी सकाळी अंकलना नेलं. पडदे उतरले, खुर्च्या टेम्पोत गेल्या, खांब आणि वारा उरला. अनघा त्या दिवशी माझ्याशी कामापुरतं बोलली. फोनवर पाळणाघरांची चौकशी करत होती, मधेच फोन ठेवून नुसती बसत होती. सोमवारी तिला बाराच्या पुढे रजा मिळेना. शाळेच्या बसवरून रेवाला मीच आणते म्हणाले.

रेवा बसमधून उतरली, लिफ्टने वर आली आणि मी आमच्या कुलपात किल्ली घालेपर्यंत समोरच्या घरात शिरलीसुद्धा. समोरचं दार उघडं होतं. मी मागोमाग धावले.

"रेवा, बाळ, आँटींना आराम करू दे."

आँटी स्वयंपाकघरातून भाताचा वाडगा घेऊन येत होत्या. केल्विन सोफ्यावर बसला होता, पायाशी अर्धवट भरलेली बॅग. तो आईकडे बघून म्हणाला, "ममा, आपलं ठरलं होतं."

"टुडे मंडे," आँटी त्याला म्हणाल्या. "मंडे शी कम हिअर. वेअर एल्स शी गो?"

केल्विनने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बॅग तशीच राहिली. पुढे त्यांनी काय ठरवलं ते मला कित्येक आठवड्यांनी अनघाकडून कळलं: आँटी शनिवार-रविवार ईस्ट कोस्टला जातात आणि सोमवारी सकाळी परत येतात. पण त्या दुपारी मला तेही माहीत नव्हतं. मी पर्समधून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला. फोटो बाहेर काढला. चौकड्याच्या शर्टाच्या त्या माणसावर बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. केल्विन उठून त्यांच्या खांद्यावरून बघायला आला. त्याने आईच्या पाठीवर हात ठेवला.

मग आँटींचं बोट खाली सरकलं, पांढऱ्या पट्टीवर. एकेक शब्द लावत त्यांनी माझी ओळ मोठ्याने वाचली. काही कारण नसताना थांबलेली माणसं.

"नो रीझन?" त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गॉट रीझन, व्हॉट."

तिकडचं ते शेवटचं 'व्हॉट' म्हणजे आपलं 'की': कारण होतं की.

टेबलावर रेवाचं कंपासचं पाकीट उघडं पडलं होतं. आँटींनी त्यातली गुलाबी दांड्यांची लहान कात्री घेतली, फोटो टेबलावर सरळ ठेवला आणि खालची पट्टी सावकाश, वाकडी न होऊ देता कापली. टेबल गेलं, हात गेले, हसणारी तोंडं राहिली. ती त्यांनी अंकलच्या ताठ फोटोशेजारी भिंतीला टेकवून उभी केली.

पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली.

"धिस वन युवर्स."